लाईनमध्ये दोष नाही

आमच्या कंपनीत त्यांना सगळे ओळंबा म्हणत. गवंडी भिंत सरळ उभी राहिली का ते पाहायला दोरीला वजन बांधून सोडतो, तोच ओळंबा. माणूस होताही तसाच, उंच आणि किडकिडीत. पण नाव पडलं ते अंगकाठीमुळे नव्हे. कुणाच्या घरात इंटरनेटची वायर आणायची झाली की ती छतापासून जमिनीपर्यंत रेघ मारल्यासारखी उतरली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. एकदा एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "अहो, कपाटामागेच तर जाणार आहे ती, कोण बघतंय?" हे शिडीवरूनच म्हणाले, "कपाट कधीतरी हलवालच की." आणि अर्धा तास जास्त घेऊन वायर सरळ केली.

मी त्याच कंपनीत तक्रारींच्या टेबलावर होते, अजूनही आहे. मी त्यांना दादा म्हणायचे. त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं आणि बरेच दिवस टाळलं, कारण ते लिहायचं म्हणजे त्या वेळी मी काय करत होते तेही सांगावं लागणार.

दादा कामाला लागले तेव्हा कंपनी म्हणजे एका लाँड्रीच्या वरची खोली, जुने मालक आणि दोन शिड्या. मालकांनी आणि दादांनी मिळून गच्चीवरून गच्चीवर वायरी ओढल्या. कुठल्या इमारतीत खारी वायर कुरतडतात, कुठल्या गच्चीची किल्ली कुणाकडे असते आणि ती मागण्याआधी कुणाच्या गुडघेदुखीची चौकशी करावी लागते, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. काम झालं तरी ते लगेच निघत नसत. "लावा काहीतरी, तुमच्या आवडीचं," असं म्हणत, आणि पडद्यावर ते चालू झालेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की मगच शिडी उचलत. कागदावर एकच शेरा असायचा: लाईनमध्ये दोष नाही. तो शेरा असला की आम्ही तक्रार मिटवून टाकायचो. दादांनी लिहिलंय म्हणजे नाहीच दोष.

पुढे जुने मालक थकले आणि त्यांनी कंपनी एका मोठ्या कंपनीला देऊन टाकली. नवे साहेब आले. साहेब माणूस वाईट नव्हता. कुणावर कधी आवाज चढवला नाही, आमच्यातल्या एकीचं बाळंतपण आलं तेव्हा स्वतःहून जास्तीची रजा दिली. पण त्यांच्याबरोबर एक यंत्रही आलं. सुटकेसएवढं असेल, थंड खोलीतल्या कपाटात बसवलं होतं. वायरीतून कुठली गोष्ट जाते आहे ते ओळखणं हे त्याचं काम. ज्या प्रोग्रॅममधून लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरवर थेट मोठमोठ्या फाइली पाठवतात, ते दिसले की त्यांचा गळा आवळायचा. पूर्ण बंद करायचं नाही, कारण बंद केलं की लोक भांडायला येतात. नुसतं हळू करायचं. इतकं हळू, की माणसाने कंटाळून आपणहून नाद सोडावा.

हे आम्हा टेबलावरच्या सहा जणींना बोलावून सांगितलं गेलं. साहेब म्हणाले, "तळमजल्यावरच्या एकाने नळाला पंप लावला की वरच्यांना पाणी चढत नाही. बरोबर? आपण फक्त तो पंप काढतोय." पटण्यासारखं होतं. मला पटलंही. मग त्यांनी एकेक कागद वाटला. गिऱ्हाइकाने विचारलंच तर म्हणायचं, "आम्ही कुठलीही सेवा अडवत नाही. सर्वांच्या सोयीसाठी नेटवर्कचं व्यवस्थापन केलं जातं." त्यावरही कुणी अडून बसलं तर म्हणायचं, "घरी माणूस पाठवून लाईन तपासून घेतो."

तो माणूस म्हणजे दादा. आणि त्यांना, किंवा दुसऱ्या कुठल्याही वायरमनला, यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

तक्रारी वाढल्या. दादा रोज सकाळी माझ्याकडून पत्ते घेऊन निघायचे. घरोघरी जायचे, जोड उघडून बघायचे, मीटर लावायचे, मग वेग मोजायची वेबसाइट उघडायचे. तिला मात्र यंत्र हात लावत नसे. इन्स्पेक्टर येणार म्हटलं की शाळा कशी चकाचक होते, तसा तिथे काटा पूर्ण वेग दाखवायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो पण माझी फाइल?" दादा काट्याकडे बोट दाखवायचे. त्यांचा काट्यावर विश्वास होता. परत येऊन लिहायचे: लाईनमध्ये दोष नाही.

महिन्याभरात साहेबांनी त्यांना बोलावलं.

"दोष नाही, दोष नाही, असं किती दिवस लिहिणार? दोष नाही तर माणूस तक्रार का करतोय? काहीतरी कारण असेलच ना?"

"असेल साहेब. मला सापडत नाही."

"मग मी सोपं करून देतो."

नवा फॉर्म आला. त्यावर तीन चौकोन होते: राउटर जुना, कॉम्प्युटर जुना, घरातलं वायरिंग खराब. चौथा चौकोन नव्हता. दादांनी थोडे दिवस समासात आपला जुना शेरा लिहून पाहिला. मग राउटरवर खूण करायला लागले. "राउटर तसे जुने असतातच गं लोकांकडे," ते मला म्हणाले. "अगदीच खोटं नाही म्हणता येणार." त्यांनी मला हे मुद्दाम थांबून सांगितलं, यातच काय ते आलं. ते असं कधी स्पष्टीकरण देत नसत.

अशातच एका सकाळी काउंटरवर एक बाई आल्या. वय पन्नाशीच्या पुढचं, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बोलल्या काहीच नाहीत, नुसता एक कागद पुढे सरकवला. अक्षर मोत्यासारखं. "माझ्या फाइली जात नाहीत. तीन आठवडे झाले. कृपया माणूस पाठवा."

मी वाचलं आणि सवयीने म्हणाले, "तक्रार फोनवरच नोंदवावी लागते." त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. मग मी तेच कागदावर लिहून दिलं. त्यांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, एक बोट कानावर ठेवलं आणि मान हलवली.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. शेवटी मी माझ्या मोबाइलवरून आमच्याच कंपनीला फोन लावला. दोन हातांवर बसलेल्या मैत्रिणीने तो उचलला, आणि एकमेकींच्या तोंडाकडे बघत आम्ही दोघींनी ती तक्रार नोंदवली. "आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," हेसुद्धा ती म्हणाली, म्हणावंच लागतं. बाई आमच्याकडे बघत होत्या. त्यांना हसू आलं असावं. आम्हाला आलं नाही.

बाजारामागच्या गल्लीत त्यांचं रफूचं दुकान होतं. खिडकीलगत एक टेबल, भिंगाचा दिवा, केसाएवढ्या बारीक सुया. कोट, शाली, महागाच्या पँटी तिथे यायच्या. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढून त्या असं विणायच्या, की कुठे फाटलं होतं ते मालकालाही सापडू नये. मागे एक छोटी खोली, तिथेच राहायच्या. दारावरची बेल दाबली की आवाजाऐवजी टेबलावरचा एक दिवा उघडमीट करायचा. दादांना ते फार आवडलं. "दोन तारा आणि एक बल्ब, बास," ते मला येऊन म्हणाले. "स्वतः जोडलंय त्यांनी. आणि जोड बघ कसला साफ!"

पहिल्या खेपेला त्यांनी नेहमीसारखं सगळं तपासलं. काटा पूर्ण वेग दाखवत होता. बाईंनी आपल्या पडद्यावरची एक यादी दाखवली. एकाखाली एक तीन फाइली होत्या. पहिलीच्या पुढे तीन टक्के, बाकीच्या दोन्हींपुढे शून्य. वहीत लिहिलं, "मग हे काय?" दादांनी लिहिलं, "राउटर जुना आहे ताई." बाईंनी दुसऱ्याच दिवशी नवा राउटर आणला. त्यानंतर चार दिवसांनी पुन्हा काउंटरवर आल्या, आम्ही दोघींनी पुन्हा तो फोनचा खेळ केला, आणि दादा पुन्हा गेले.

या दुसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, या फाइली आहेत तरी कसल्या? बाईंनी एक उघडून दाखवली. पडद्यावर त्या स्वतःच होत्या. मागे काळं कापड टांगलेलं, अंगात फिका ब्लाउज, चेहऱ्यावर दोन बाजूंनी उजेड. आणि हात. दोन्ही हात हनुवटीजवळ धरून त्या सावकाश, एकेक खूण सुटी करत काहीतरी सांगत होत्या. वीस मिनिटं. दादांना एक अक्षर कळलं नाही, पण ते बघत राहिले.

मग बाईंनी वहीत लिहून सगळं सांगितलं. त्यांच्या थोरल्या बहिणीलाही जन्मापासून ऐकू येत नाही. ती दूर दुसऱ्या देशात, काचसामानाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. आठेक वर्षांपूर्वी तिची नजर कडांकडून मिटायला लागली. आता तिला नळीतून बघितल्यासारखं, मधलंच तेवढं दिसतं, आणि ते मधलंही आकसत चाललंय. डॉक्टरांनी वर्ष सांगितलं होतं, फार तर दीड. व्हिडिओ कॉल करून पाहिले, पण चित्र अडखळतं. ती हात शोधेपर्यंत वाक्य संपलेलं असतं. म्हणून ही पत्रं. दर आठवड्याला एक. हात चेहऱ्याजवळ ठेवायचे म्हणजे तिच्या नळीत मावतात. चित्र स्वच्छ लागतं, म्हणून फाइल मोठी होते. बहिणीच्या कारखान्यातल्या एका बाईने तिला हा प्रोग्रॅम बसवून दिला होता: एकच फोल्डर, त्यावर टिचकी मारली की पत्र. ती बाई नंतर नोकरी सोडून गेली. बहिणीला आता नवं काही शिकवायची सोय नाही, पडद्यावरचा बाण शोधण्यातच तिची सकाळ जाते.

"पूर्वी सकाळी पाठवलेलं पत्र दुपारी मिळायचं," बाईंनी लिहिलं. "आता नाही मिळत. तिला वाटतंय मी आजारी आहे."

दादांनी पेन ड्राइव्ह पोस्टाने पाठवायचं सुचवलं. ते त्यांनी करून पाहिलं होतं. एक पाकीट परत आलं, दुसरं पोचायला सहा आठवडे लागले, आणि पोचलं तेव्हा ते कॉम्प्युटरच्या कुठल्या भोकात घालायचं हे बहिणीला दिसेना. दुसऱ्या कंपनीची जोडणी घ्यावी, तर त्या गल्लीत दुसऱ्या कंपनीची वायरच नव्हती. जी होती ती दादांनीच ओढलेली.

त्या दिवशी दादांनी बाईंच्या खुर्चीत बसून दोन तास काढले. तीच फाइल साध्या मार्गाने, एका वेबसाइटवर चढवून, आमच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवून पाहिली. बघता बघता गेली. प्रोग्रॅममधून पाठवली, तीन टक्क्यांवर मुंगीसारखी. पुन्हा साध्या मार्गाने, गेली. वायर तीच, राउटर तोच, कॉम्प्युटर तोच. हातच्या काकणाला आरसा कशाला हवा?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसले.

"काय गं, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा ना."

"आपली कंपनीच हळू करते का काही?"

मी डब्यात बघत राहिले. आम्हा सहा जणींचं इतके महिने अळीमिळी गुपचिळी चाललं होतं.

"दादा, ते कुणाला सांगायचं नाही असं सांगितलंय."

"म्हणजे करते."

"हो."

"कधीपासून?"

"साहेब आल्यापासून. एकदम नाही, एकेक भाग घेत."

त्यांनी डबा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "म्हणजे मी ज्यांना ज्यांना राउटर बदलायला लावले, ते सगळे..." वाक्य पुरं केलं नाही. "आणि तुला हे माहीत होतं. मी रोज सकाळी तुझ्याकडून पत्ते घेऊन जायचो."

त्यांनी न उघडलेला डबा पिशवीत परत ठेवला आणि उठून गेले.

साहेबांकडे ते त्याच दुपारी गेले. दार उघडं होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"वाईट वाटतं ऐकून," साहेब म्हणाले. "पण त्या प्रोग्रॅममधून जातं काय? चोरीचे सिनेमे. मशीनला सिनेमा आणि पत्र यातला फरक कळत नाही."

"मग तेवढ्या एका घराला मोकळं सोडा."

"ते यंत्र वरच्या ऑफिसातून चालतं. माझ्या हातात नाही. आणि एकीला सोडलं की उद्या शंभर जण बहीण घेऊन येतील."

"साहेब, हे चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यासारखं झालं."

"सुक्याबरोबर ओलंही जळतं," साहेब म्हणाले, आणि मला वाटतं ते मनापासून म्हणाले.

दादा तिसऱ्यांदा रफूच्या दुकानात गेले ते कुणी न पाठवता. बरोबर तो तीन चौकोनांचा फॉर्म नेला होता. एकाही चौकोनावर खूण केली नाही. खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं: "लाईनमध्ये दोष नाही. राउटर चांगला आहे, कॉम्प्युटर चांगला आहे. या प्रकारच्या फाइलींचा वेग कंपनी स्वतः कमी करते." खाली सही, तारीख, आणि कंपनीने दिलेला आपला नंबर. गिऱ्हाइकाची प्रत फाडून बाईंच्या हातात दिली आणि वहीत लिहिलं, "ग्राहकांच्या तक्रार मंडळाकडे जा ताई. हा कागद दाखवा."

त्यानंतरचे दोन-तीन आठवडे दादा वेगळेच दिसत होते. जुन्या मालकांच्या वेळी शिडी खांद्यावर टाकून शिट्टी वाजवत निघायचे, तसे निघायचे. ज्या ज्या घरी जायचे तिथे तेच लिहून द्यायचे. अकरा घरं झाली. माझ्याशी ते अजून हसून बोलत नव्हते, पण पत्ते घेताना "आण इकडे" म्हणायचे.

मंडळाची नोटीस आली आणि सगळं थांबलं. वरच्या ऑफिसातून दोन माणसं आली, एक वकील आणि एक अधिकारी. दादांना आत बोलावलं. अर्ध्या तासाने ते बाहेर आले तेव्हा हातात एक टाइप केलेला कागद होता. माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाले, "हे नीट वाचून सांग मला."

मी वाचलं. "सदर शेरे मी पुरेशा तांत्रिक माहितीअभावी लिहिले असून ते वस्तुस्थितीला धरून नाहीत."

"म्हणजे मला यातलं काही कळत नाही, असंच ना?"

"हो, दादा."

"सही केली तर राहीन. नाही केली तर उद्यापासून येऊ नका म्हणतात."

तेव्हा ते अठ्ठावन्नचे होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्या वयात शिडीवर चढणाऱ्याला दुसरीकडे कोण उभं करणार? वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला नंतर सांगितलं ते असं. त्या संध्याकाळी ते घरी येऊन बूट न काढताच बसले. वहिनी म्हणाल्या, "खरं लिहिलंत, लोकांना कळलं. आता सही करा आणि मोकळे व्हा. तुमच्या सहीने खऱ्याचं खोटं होतं का?" ते म्हणाले, "मंडळात होतं." आणि सकाळी उठून त्यांनी सही केली.

इथे माझं सांगायचं येतं. साहेबांनी आम्हाला वाटलेला तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता. त्यावर कंपनीचं नाव होतं, तारीख होती, काय म्हणायचं आणि काय नाही ते स्वच्छ छापलेलं होतं. मंडळाचं ऑफिस आमच्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. मी तो कागद दोनदा पर्समध्ये घातला आणि दोनदा परत ड्रॉवरमध्ये ठेवला. माझी पोरं शाळेत होती, नवऱ्याचं काम सुटलं होतं. कारणं काढायला बसलं तर प्रत्येकाकडे असतात. मंडळाने दादांचं सहीचं पत्र पाहिलं आणि पुरावा नाही म्हणून बाईंची तक्रार काढून टाकली.

दादांना वायरींवरून काढून गोदामात बसवलं. परत आलेले राउटर पुसायचे, जुन्या वायरीची वेटोळी करायची. त्यांच्या जागी आलेला माणूस तीन चौकोनांपैकी एकावर खूण करून यायचा, आणि त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. बाई त्यानंतर काउंटरवर आल्या नाहीत. पण पत्रं करणं त्यांनी थांबवलं नव्हतं. दर आठवड्याला एक करून त्या रांगेत लावत होत्या. महिन्याला एखादं जायचं, बाकीची मागे साचत होती.

मग जवळजवळ सहा महिन्यांनी, काही न सांगता, यंत्राचा तो नियम उठला. दुसऱ्या कुठल्या तरी शहरात कुणी मोठ्या वकिलाने कंपनीला कोर्टात खेचलं होतं म्हणे. आम्हाला नवा कागद मिळाला; जुना परत द्यायचा होता, तो आम्ही मुकाट्याने दिला. मी पळत गोदामात गेले.

"दादा, सोडलं! सगळं मोकळं सोडलं."

ते वायर गुंडाळत होते. हातातलं वेटोळं पूर्ण केलं, बांधलं, मग म्हणाले, "ताईंना कळलं असेल का?"

कळलं होतं. पुढच्याच आठवड्यात त्यांचा अर्ज आला. जोडणी बंद करण्याचा.

जोडणी काढायला वायरमनला पाठवायचं होतं. दादांनी साहेबांना विचारलं, मी जाऊ का. साहेब म्हणाले, जा. मीही गेले, अर्जावर सही घेण्याचं निमित्त काढून. दुकान अर्धं रिकामं झालं होतं. भिंगाचा दिवा खोक्यात होता. बाईंनी आम्हाला आत घेतलं, वही काढली आणि थोडक्यात लिहिलं. राहिलेली सगळी पत्रं एकाच दिवशी गेली. बहिणीने चाचपडत फोल्डर उघडलं, पण तिला काही दिसलं नाही. मधलंही मिटलं होतं. तिच्या शेजारणीने लिहून कळवलं. आता तिच्या हातांना धरून खुणा केल्या तरच तिला कळतं, आणि तिकडे तसं करणारं कुणी नाही. म्हणून त्या तिच्याकडे चालल्या होत्या, कायमच्या.

दादांनी वही मागून घेतली. पेन उघडून लिहिलं, "मंडळात तुमची तक्रार माझ्यामुळे गेली. मी सही करून दिली. मला माफ करा."

बाईंनी ते वाचलं. त्यांना ते आधीच माहीत असणार. निकालाची प्रत त्यांना गेली होती. त्यांनी दादांकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, दुसरंही काही नव्हतं. वही आपल्याकडे ओढली, त्या ओळीखाली लिहिलं, "सही कुठे करायची?" आणि माझ्या हातातल्या अर्जाकडे बोट दाखवलं.

मी जागा दाखवली. त्यांनी सही केली. दादांनी वायर उतरवली. भिंतीतली छिद्रं बुजवायला त्यांनी घरून पुट्टीचा डबा आणला होता. एकेक छिद्र भरून, बोटाने सारखं करून, ओल्या फडक्याने पुसूनच ते निघाले.

तीन महिन्यांनी तक्रारींच्या पत्त्यावर एक ईमेल आला, आणि तो माझ्याच पुढ्यात आला. वायर काढायला आलेल्या उंच माणसाला द्यावा, असं वर लिहिलं होतं. मी छापून गोदामात नेला. मजकूर चार-पाच ओळींचा होता. बहीण आता माझ्या हातांवर हात ठेवून ऐकते. तिला न दिसलेली पत्रं मी कॉम्प्युटरवर लावते, बघते आणि तिच्या हातात पुन्हा सांगते. एकूण एकतीस होती. बावीस झाली. काहींमध्ये मी तिला प्रश्न विचारले होते, त्यांना आता अर्थ उरला नाही, तेवढे गाळते.

दादांनी ते दोनदा वाचलं. मला म्हणाले, "उत्तर द्यायला हवं. तू लिहून घे, मी सांगतो."

मी खोक्यावर बसले, मांडीवर कागद घेतला. ते उभेच होते. "ताई, नमस्कार," त्यांनी सांगितलं. मी लिहिलं. मग ते थांबले. बाहेर कुणीतरी गाडी लावत होतं, तिचा आवाज थांबेपर्यंत आम्ही वाट बघितली. "पुढे काय, दादा?" मी विचारलं. ते म्हणाले, "थांब, सुचू दे." पाच वाजले तेव्हा मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवून घरी गेले. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, बघू, उद्या लिहू. सव्वा वर्षाने ते निवृत्त झाले तोवर ते उत्तर काही लिहून झालं नाही.